शब्दावाचून कुणाचं अडतं?

'इंग्रजीतही ज्याला नाव नाही' अशा गोष्टींसाठी घडवलेल्या नव्या शब्दांच्या याद्या अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असतात. 'सॉन्डर' त्यात हमखास असतो. शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही आपल्याइतकंच गुंतागुंतीचं आयुष्य आहे, हे एकदम जाणवणं म्हणजे सॉन्डर. छान आहे. आपण 'वा' म्हणतो, शेअर करतो, विसरतो.

हा छंद जुनाच. जेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने १९१४ साली असल्या मनच्या शब्दांचा अख्खा कोश काढला. त्यात 'ऊफल' आहे, म्हणजे ज्याचं नाव काही केल्या आठवत नाही असा माणूस. (आपलं 'अहो, ते हे...' वर भागतं. लग्नाच्या हॉलमध्ये तर फारच छान भागतं.) ऊफल कुणी वापरला नाही. त्याच बर्जेसचा 'ब्लर्ब' मात्र आज मराठी प्रकाशकांच्याही तोंडी आहे, कारण मलपृष्ठावरचा मजकूर कुणाला तरी रोज कुणाकडून तरी लिहून हवा असतो.

माझं म्हणणं एवढंच की शब्द गोड असून भागत नाही, त्याच्यावाचून कुणाचं तरी अडलेलं असावं लागतं.

कार्मिटा वुड यांचं अडलं होतं. त्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात आठ वर्षं नोकरीला होत्या. तिथला एक प्राध्यापक अंगचटीला यायचा. ताण इतका वाढला की शरीर कुरकुरायला लागलं, आणि शेवटी त्यांनी नोकरी सोडली. बेकारभत्त्यासाठी अर्ज केला तेव्हा प्रश्न आला, नोकरी का सोडली? रकाना तर भरायलाच हवा. लाजेने आणि संकोचाने त्यांनी सांगितलं, 'वैयक्तिक कारण'. भत्ता नामंजूर! खोटं त्या बोलल्या नव्हत्या, खरं सांगायला शब्दच नव्हता.

मग १९७५ साली त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या काही जणी पोस्टरवर काय लिहायचं यावर डोकं खाजवत बसल्या. धाक म्हणावं, जबरदस्ती म्हणावं की शोषण? घाणेरड्या नजरेपासून उघड धमकीपर्यंत सगळं त्यात मावायला हवं होतं. कुणीतरी 'हॅरॅसमेंट' सुचवलं आणि 'सेक्शुअल हॅरॅसमेंट' ठरलं. ना त्यात ग्रीक, ना लॅटिन, ना काव्य. दोन जुने शब्द शेजारी ठेवले, बस. पण त्यावर पुढे खटले उभे राहिले, कायदे झाले.

आपल्याकडे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाची व्याख्या केली, आणि कायदा यायला २०१३ उजाडलं. तोवर भारतीय दंडविधानातल्या कलम ३५४ चा 'विनयभंग' होता. म्हणजे भंग कशाचा, तर तिच्या विनयाचा! करणाऱ्याचं त्या शब्दात नावही नाही.

आणि नवे शब्द घडवण्यात आपण मागे होतो असंही नाही बरं का. 'ईव्ह-टीझिंग' हा इंग्रजी शब्द खास भारतातला. ब्रिटिश-अमेरिकनांना तो समजावून सांगावा लागतो. इतक्या किळसवाण्या प्रकाराला इतकं खेळकर नाव देणं हेही एक कसबच म्हणायचं. मराठी बातम्यांत त्याची बहीण 'छेडछाड' अजून मथळ्यात दिसते, तीही बिनदिक्कत.