ज्योत निळी आली म्हणून दारू सुरक्षित ठरत नाही

विषारी दारूने माणसं दगावल्याची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. हातभट्टी लावताना चूक झाली की दारू विषारी होते. ओळखीच्या माणसाकडची, पहिल्या धारेची घेतली तर भीती नाही. चमच्यात घेऊन काडी लावा, ज्योत निळी आली तर बिनधास्त प्या. मेले ते प्रमाणाबाहेर प्यायले होते. आणि बाधलीच तर थोडी आणखी पाजा, उतरेल. या सल्ल्यावर विसंबून कुणाचा तरी जीव जाईल, म्हणून गप्प बसवत नाही.

‘भट्टी चुकली’ इथूनच दिशाभूल सुरू होते. विषारी दारूत माणूस मारतं ते मेथॅनॉल हे रसायन, आणि काळा गूळ आणि नवसागर कुजवून काढलेल्या दारूत ते अगदी किरकोळ तयार होतं. ते मुख्यतः फळांच्या साली-गरातल्या पेक्टिन नावाच्या घटकापासून बनतं आणि गुळात पेक्टिन जवळजवळ नसतंच. हातभट्टीत बाकी घाण असते, ती चांगली आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच वस्तीतली माणसं एक-दोन दिवसांत पटापट मरतात, तेव्हा बहुतेक वेळा कारखान्यातलं मेथॅनॉल बाहेरून आणून त्यात ओतलेलं असतं. रंग, थिनर, फॉर्माल्डिहाइड बनवायला लागणारं हे रसायन पिण्याच्या मद्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. जुलै 2022 मध्ये गुजरातेत बोटाद-अहमदाबाद भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. पोलिसांच्या तपासानुसार तिथे मिथाईल अल्कोहोलमध्ये, म्हणजे मेथॅनॉलमध्येच, नुसतं पाणी घालून पिशव्या विकल्या गेल्या. दारू गाळलीच नव्हती, मग चुकली कुठून? ‘चूक’ म्हटलं की रसायन चोरणारा, पोहोचवणारा आणि मिसळणारा, तिघेही नामानिराळे राहतात. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

ओळखीचा विक्रेता म्हणाल, तर मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये शंभरहून अधिक माणसं दगावली, ती वस्तीतल्याच गुत्त्यांवरची दारू प्यायली होती. 2024 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने या प्रकरणात चौघांना दोषी ठरवलं, दहा जण सुटले. गुत्तेवाला तुमच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा असेल, पण त्याच्याकडे कॅन भरून येतो तो कुठून आणि त्यात काय आहे, हे त्याला तरी कुठे ठाऊक असतं?

पहिल्या धारेचंही तसंच. लवकर उकळणारे घटक त्या धारेत जास्त उतरतात, म्हणून ती कडक लागते. कडकपणाचा शुद्धतेशी संबंध नाही. शिवाय विष नंतर ओतलं जाणार असेल, तर धार पहिली की शेवटची याने काय फरक पडतो?

काडीची परीक्षा तर पूर्ण निरुपयोगी आहे. मेथॅनॉल जळताना फिकट निळी, उजेडात धड दिसणारही नाही अशी ज्योत देतं. नेहमीची दारूही निळीच जळते. म्हणजे नुसतं मेथॅनॉल चमच्यात घेतलं तरी ते या परीक्षेत पास होईल. वासावरून, चवीवरूनही ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ते कळत नाही.

आता ‘प्रमाणाबाहेर प्यायले’. शुद्ध मेथॅनॉल 10 मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे, पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. 30 मिलिलिटरमध्ये माणूस मरू शकतो. प्रत्येक खेपेत मिश्रण वेगळं असतं, त्यामुळे रोज पाव क्वार्टर पिणाराही त्यात सापडतो. खरा घात होतो तो वेळेमुळे. मेथॅनॉलची नशा साध्या दारूपेक्षा कमीच असते. यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं, आणि मारतं ते हे आम्ल. पेशींना ऑक्सिजन वापरता येईनासा होतो आणि डोळ्याच्या नसेला त्याचा फटका लवकर बसतो. हे सगळं व्हायला साधारण 12 ते 24 तास लागतात, सोबत साधी दारू असेल तर आणखी उशीर. माणूस रात्री नीट जेवतो, झोपतो. दुसऱ्या दिवशी पोटात कळा, उलट्या, डोकं जड, म्हणून घरचे म्हणतात काल जास्त झाली असेल. मग भर दुपारी तो दिवा लावा म्हणतो, डोळ्यांपुढे पांढरं धुकं आलंय म्हणतो, धावून आल्यासारखा जोरजोरात श्वास घेतो. तोवर हातात थोडेच तास उरलेले असतात.

‘आणखी पाजा’ या सल्ल्यात खरेपणाचा एक तुकडा आहे, म्हणून तो जास्त घातक. मेथॅनॉलचं आम्ल करायला सुरुवात करणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) साध्या दारूतलं इथेनॉल अडकवून ठेवतं, त्यामुळे आम्ल होणं लांबतं. डॉक्टर खरोखरच उपचारासाठी इथेनॉल देतात, किंवा फोमेपिझोल हे औषध देतात. पण ते मोजून, रक्त तपासत. शिवाय तयार झालेलं आम्ल इथेनॉलने जात नाही. त्यासाठी बायकार्बोनेट लागतं आणि अनेकदा डायलिसिस करावं लागतं. आणि घरात उरलेली दारू बहुधा त्याच कॅनमधली असते.

संशय आला तर लिंबूपाणी, ताक यात वेळ घालवू नका. 108 ला फोन लावा, डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि ‘मेथॅनॉलचा संशय आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. पोलीस केस होईल म्हणून दारूची गोष्ट लपवू नका. त्या दिवशी बरोबर प्यायलेल्या सगळ्यांना सोबत न्या, ज्यांना अजून काहीच होत नाही त्यांनाही. पिशवीत किंवा बाटलीत उरलं असेल ते ओतून टाकू नका, तपासणीसाठी डॉक्टरांच्या हाती द्या.