तात्पुरती शेड उभारताना घ्यायची काळजी

सर्वप्रथम अभिनंदन. मृग तोंडावर आलाय, तयार माल गोदामात मावत नाही, कच्च्या मालाचा ट्रक गेटवर ताटकळतोय, आणि मालकांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावून सांगितलंय, "काहीतरी तात्पुरतं करा." या तीन शब्दांवर महाराष्ट्रातल्या एमआयडीसींचा निम्मा पत्रा उभा आहे. आता तुमची पाळी.

पहिली काळजी शब्दांची. 'बांधकाम' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बांधकाम म्हटलं की आर्किटेक्ट आला, प्लॅन पास करणं आलं, फायरची एनओसी आली, 'डिश'कडे, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, नकाशे पाठवणं आलं. 'शेड'सुद्धा म्हणू नका. 'छप्पर' म्हणा, 'आडोसा' म्हणा. फारच कुणी खोलात शिरलं तर "ताडपत्रीच आहे हो, फक्त पत्र्याची" म्हणा. आडोशाला परवानगी लागते असं अजून कुणाच्या ऐकिवात नाही. लागते, हा भाग वेगळा.

दुसरी काळजी मुहूर्ताची. शनिवारी संध्याकाळी ऑफिसं बंद झाली की फॅब्रिकेटरचा टेम्पो आत घ्या. अँगल, पाइप, पर्लिन, वेल्डिंगचं मशीन आणि चार पोरं. रविवारी दुपारपर्यंत पत्रे चढतात आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला शेड अशी उभी असते, की कारखान्याचं भूमिपूजन तिच्याच सावलीत झालं असावं. नव्या पत्र्यांचा मोह मात्र टाळा. नवा पत्रा चमकतो आणि ती चमक नेमकी नको त्या डोळ्यांवर जाते. भंगारवाल्याकडून जुने पत्रे घ्या. गंजलेल्या पत्र्याला कुणी तारीख विचारत नाही.

खांबाखालची बेसप्लेट काँक्रीटमध्ये पुरायची नाही, नुसते बोल्ट मारायचे. बोल्ट म्हणजे 'कधीही काढता येतं' याचा पुरावा. काढत कुणी नाही, पण पुरावा हवा. चारच्या जागी दोन बोल्ट मारले तर पुरावा आणखी भक्कम होतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा असे कितीतरी तात्पुरते पत्रे खरोखरच तात्पुरते निघाले आणि कुणाचीही परवानगी न विचारता परक्यांच्या आवारात जाऊन पडले.

आता जागा. ती तुम्ही आधीच हेरलेली असणार: प्लॉटच्या कडेने सोडलेलं साइड मार्जिन. इतकी जागा नुसती मोकळी पडलेली पाहून कुठल्या कर्तबगार मॅनेजरचं काळीज तुटणार नाही? ती जागा अग्निशमनाचा बंब आत फिरायला ठेवलेली असते असं म्हणतात. पण बंब वर्षातून कितीदा येतो? आणि माल रोज येतो. शिवाय बंब आलाच, तर तो काय विझवायला येणार? तुमची शेडच ना? मग शेड बंबाच्या वाटेवरच असलेली बरी, त्यांना शोधत फिरायला नको.

शेड झाली की आत काय ठेवायचं, याचा फार विचार करू नका. तात्पुरत्या शेडचं वैशिष्ट्यच हे, की ती कुठल्याच नकाशावर नसते, म्हणून तिच्यात ठेवलेला मालही कुठेच नसतो. तरी एक आकडा पाठ करून ठेवा. डिझेलसारखं ब वर्गातलं पेट्रोलियम २५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, फक्त त्यातलं एकही भांडं १००० लिटरहून मोठं नको. दोनशे लिटरचं एक बॅरल धरलं तर बारा बॅरलपर्यंत तुम्ही सज्जन. तेरावं बॅरल आलं की नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याची, आठवण काढावी लागते. त्यामुळे तेरावं बॅरल नेहमी 'रिकामं' असतं. गंमत म्हणजे रिकामं बॅरल भरलेल्यापेक्षा वाईट. आत तेल नसतं पण वाफ असते, आणि हवेत मिसळलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. रिकामं म्हणून बॅरलला गॅस कटर लावायला गेलेल्या माणसाच्या बातम्या अधूनमधून वाचतोच आपण. तेव्हा वेल्डिंगचं मशीनही त्याच शेडमध्ये ठेवा. सगळं हाताशी असलं की कामं भराभर होतात.

घातक कचऱ्याचे ड्रमही तिथेच सरकवा. २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा ९० दिवसांहून जास्त आवारात साठवता येत नाही. पण ९० दिवस मोजायला कुठून सुरुवात करायची, हे ड्रमवरच्या लेबलवर अवलंबून असतं आणि लेबल कागदाचं असतं. दर तीन महिन्यांनी नवं चिकटवा. आमच्याकडे एका ड्रमवर लेबलांचा इतका जाड थर झाला होता, की तो गळायला लागला तेव्हा आधी लेबलं ओली झाली, ड्रमचं नंतर कळलं.

कुठला माल कुणाशेजारी ठेवायचा, याचंही उगाच अवडंबर माजवतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' नावाचं जहाज उभं होतं. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार, सोन्याच्या विटा आणि सुमारे १४०० टन स्फोटकं, सगळं गुण्यागोविंदाने नांदत होतं. दुपारी कापूस धुमसायला लागला आणि चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. सोनं उडून लोकांच्या घरात पडलं. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. तुमच्याकडेही पाळत असतील. छातीला बिल्ले लावायचे, साहेबांनी एका ट्रेमधली आग एक्स्टिंग्विशरने विझवायची, फोटो काढायचा. यंदा फोटोच्या मागे तुमची नवी शेड येणार नाही, एवढं फोटोग्राफरला सांगून ठेवा.

इथवर सगळं सोपं होतं. खरी पंचाईत पुढे आहे. तुमच्या कारखान्यात एखादा नवखा सेफ्टी ऑफिसर असेल तर तो कधीतरी येऊन म्हणेल, "सर, क्लोरीन लीक झाला तर माणसांना थांबायला एक सुरक्षित शेल्टर हवं."

इथे जपून. हा माणूस मालासाठी नव्हे, माणसांसाठी जागा मागतोय. आणि हे सगळं परवानगी घेऊन करायचं म्हणतोय.

त्याला आधी नीट बोलू द्या. तो सांगेल की क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड असतो, जमिनीलगत सरपटत खोलगट जागी साचतो, म्हणून शेल्टर खड्ड्यात नको. तो विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बोट दाखवेल आणि म्हणेल की वारा पावसाळ्यात एकीकडून आणि थंडीत दुसरीकडून येतो, तेव्हा एका शेल्टरने भागणार नाही. दाराला सील हवं, एसी बाहेरची हवा ओढणारा नको, आत श्वासाचे सिलिंडर हवेत, आणि ९०० किलोच्या क्लोरीन टनरपासून, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरपासून, अंतर हवं. तुम्ही मान डोलवत राहा. शेवटी एकच विचारा: "म्हणजे आपल्याकडे लीक होऊ शकतो, असं लेखी द्यायचं?" बहुतेक सेफ्टी ऑफिसर इथे गप्प होतात.

जो होत नाही, त्याला फायलीच्या हवाली करा. मालाची शेड आणि माणसांचं शेल्टर यांत हाच फरक आहे. शेड मागायला कुणी जात नाही म्हणून ती मिळते. शेल्टर मागायला जातात म्हणून ते अडतं. टेबलावरचा माणूस विचारतो, हे नकाशात कुठे बसतं? गोदाम नाही, ऑफिस नाही, कँटीन नाही, सिक्युरिटी केबिन नाही. एफएसआयमध्ये धरायचं की नाही? तात्पुरतं म्हणता तर किती दिवस? तुम्ही म्हणता, गॅस गळायचा थांबेपर्यंत. तो म्हणतो, तशी तारीख टाकता येत नाही. फाईल मग एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आणि भिजत घोंगडं पडतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात जुन्या लोकांनी यावर एक दयाळू तोडगा लिहून ठेवला होता: नकाशे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आणि तीन महिन्यांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं समजायचं. म्हणूनच की काय, तीन महिने भरायच्या आत एक 'त्रुटी' निघायची. आमच्या फायलीत निघालेली त्रुटी अशी होती, की नकाशावर उत्तर दिशेचा बाण काढायचा राहिला होता.

तर मग शेल्टरला चाकं लावा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी हुशार माणूस देईलच. चाकं असली की ते बांधकाम नाही, वाहन आहे. पोर्टा केबिन आणा, क्रेनने उतरवा, जिथे जागा तिथे ठेवा. कल्पना नवी नाही. अमेरिकेत टेक्सास सिटीला बीपीच्या रिफायनरीत एका युनिटचं शटडाउन चालू होतं. त्या कामाच्या कंत्राटी माणसांसाठी ट्रेलर आणले आणि सोयीचं पडावं म्हणून भलत्याच एका युनिटशेजारी उभे केले. सगळ्यात जवळचा ट्रेलर त्या युनिटच्या ब्लोडाउन ड्रमपासून, म्हणजे जास्तीचं द्रव आणि वाफ सोडून द्यायच्या टाकीपासून, जेमतेम १२० फुटांवर होता. ठेवण्याआधीच्या तपासणीतले मुद्दे निकाली निघायचे होते, पण माणसं आत बसायला लागली होती. त्यांनाही तात्पुरतंच बसायचं होतं. २३ मार्च २००५ ला दुपारी शेजारचं युनिट सुरू करताना टॉवर प्रमाणाबाहेर भरला, पातळ हायड्रोकार्बन ब्लोडाउनच्या उघड्या चिमणीतून कारंज्यासारखं उडालं, वाफेचा ढग पसरला आणि पेटला. १५ माणसं गेली, ती सगळी ट्रेलरांत किंवा त्यांच्या आसपास होती. त्यांतला एकही ते युनिट चालवत नव्हता. त्याच दुपारी कंत्राटी कामगारांना जेवण दिलं होतं. निमित्त होतं, महिनाभर काम बुडेल अशी एकही दुखापत झाली नाही याचं. २००७ मध्ये तिकडच्या पेट्रोलियम संस्थेने अशा केबिन कुठे ठेवाव्यात याची नियमावलीच काढली. आपल्याकडे मात्र केबिनची जागा अजून क्रेनवालाच ठरवतो. बूम जिथवर पोचतो, ती जागा सुरक्षित.

माझ्या सल्ल्यावर विश्वास बसत नसेल तर अनुभव सांगतो. मी जिथे सेफ्टीत होतो, त्या कारखान्यात दीड वर्ष फाईल फिरवून शेल्टर मंजूर झालं. वीस फुटी कंटेनर, बाहेरून हिरवा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सुरक्षित निवारा, क्षमता २५'. दाराला रबरी सील, आत चार सिलिंडर, बाक, पाण्याचे कॅन. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, फीत कापली. पेढे वाटले. पेढ्यांचे रिकामे खोके कुठे ठेवायचे असा प्रश्न आला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "इथेच ठेवा की दोन दिवस."

तिथून पुढे मला फार काही करता आलं नाही. खोक्यांमागून मोडक्या खुर्च्या आल्या. मग जुने कॉम्प्युटर, दसऱ्याचा मंडप, रंगाचे अर्धे डबे, थिनर. पाऊस सुरू झाल्यावर सिमेंटच्या तीस गोण्या आल्या, कारण कारखान्यात इतकी कोरडी, हवाबंद जागा दुसरी नव्हती. स्टोअरवाल्या भाऊंनी स्वतःचं कुलूप घातलं. मी तक्रार केली तर म्हणाले, "साहेब, उघडं ठेवलं तर चोरी होईल. सिलिंडर किती महाग आहेत माहितीय?"

ऑगस्टमध्ये मॉक ड्रिल झालं. भोंगा वाजला, बावीस माणसं शिस्तीत शेल्टरपाशी आली आणि कुलपासमोर रांगेत उभी राहिली. भाऊ रजेवर, गावाला. चावी त्यांच्या पँटच्या खिशात, पँट भुसावळच्या गाडीत. आमच्या मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "तीन मिनिटं वीस सेकंद. छान." रजिस्टरमध्ये नोंद झाली: सर्व कर्मचारी निवाऱ्यापाशी सुखरूप पोचले. त्यात खोटं एक अक्षर नाही.

मी दुसऱ्या शेल्टरची मागणी केली. मॅनेजर चांगला माणूस. म्हणाले, बाहेरच्या परवानगीचं नंतर बघू, आधी आपला घरचा फॉर्म भरा, 'तात्पुरती रचना मागणीपत्र'. हा फॉर्म स्टोअरनेच बनवलेला. मी बसलो भरायला. मालाचे नाव: कामगार. नग: २५. एकावर एक किती थर रचता येतील: एक. ज्वलनशील आहे का? इथे जरा थांबलो आणि 'होय' लिहिलं. नाशवंत आहे का? होय. विमा उतरवला आहे का? एचआरला विचारून कळवतो. मुदत संपल्यावर विल्हेवाट कशी लावणार, हा रकाना मी कोरा ठेवला.

फॉर्म परत आला. तेवढाच रकाना लाल पेनाने गोल केला होता.