पीयूसीच्या कागदावर नसलेला वायू

‘आता सगळं इलेक्ट्रिकच होणार, मग कॉलेजांत इंजिनांवर संशोधन कशाला?’ असं कुणी म्हणालं की माझं डोकंच सटकतं. अहो, आज शोरूममधून निघालेली पेट्रोल-डिझेलची गाडी पुढची पंधरा वर्षं मुंबईच्या एलबीएस रोडवर धूर सोडणार आहे. तो मोजायचा कुणी?

पीयूसीवाला मोजतो म्हणाल, तर एकदा खाली उतरून बघा. गाडी न्यूट्रलला, सायलेन्सरमध्ये नळी, नंबरप्लेटचा फोटो, की आला कागद हातात. त्यावर काय? पेट्रोलचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलच्या धुराचा काळेपणा. नायट्रोजन ऑक्साइड या घातक वायूचं नावही नाही. इंजिनात जाळ जितका तापेल तितका हा वायू जास्त, कारण हवेतलाच नायट्रोजन त्या उष्णतेत ऑक्सिजनशी जुळतो. डिझेलमध्ये तर याला आवरायला जावं की काजळी वाढते आणि काजळी आवरावी की हा वाढतो. इंजिनवाल्यांचं निम्मं आयुष्य या ओढाताणीत जातं.

चाचणीपुरता धूर कमी दाखवणाऱ्या फोक्सवॅगन या मोटारकंपनीचं बिंग कुणामुळे फुटलं, आठवतंय? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्याशा गटामुळे. त्यात भारतातून शिकायला गेलेली पोरंही होती. गाडीत मोजणीयंत्र ठेवलं, नळी सायलेन्सरला जोडली आणि गाडी सरळ रस्त्यावर काढली. प्रयोगशाळेत गुणी बाळासारखी पास होणारी त्यांची डिझेल जेटा रस्त्यावर मर्यादेच्या 15 ते 35 पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती! अहवाल 2014 चा, कंपनी उघडी पडली सप्टेंबर 2015 मध्ये. (कुणाला पकडायला ते निघालेच नव्हते, ही त्यातली खरी मजा.)

आपल्याकडेही एप्रिल 2023 पासून नव्या गाड्यांना रस्त्यावरची चाचणी आहे. चांगलंच आहे. मला पडलीय ती सायनच्या सिग्नलला एसी लावून रांगणाऱ्या, वापरून जुन्या झालेल्या गाडीची. डिझेलच्या धुरावर युरिया फवारून हा वायू मारणारी यंत्रणा साधारण 200 अंशांपर्यंत तापल्याशिवाय धड काम करत नाही. हायवेवर तापते, ट्रॅफिकमध्ये थंड पडते. आता मुंबईत हायवे किती आणि ट्रॅफिक किती, तुम्हीच सांगा.

पवईला आयआयटी आहे, 1887 साली सुरू झालेली व्हीजेटीआय ही इंजिनीअरिंगची संस्था माटुंग्याला आहे. द्या तिथल्या पोरांना यंत्रं, ठेवू द्या टॅक्सीत, टेम्पोत, शाळेच्या बसमध्ये. धूळ बसवायला पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्यांना पैसे निघतात, तर याला का निघू नयेत? आणि आकडे मॉडेलच्या नावानिशी छापा. कंपन्यांचे फोन येतील. येऊ देत.