आज वर्गात काय झालं, ते आजच घरी कळू दे

‘पालकांचं लक्षच नसतं हो.’ मुंबईतल्या कुठल्याही प्राथमिक शाळेच्या स्टाफरूममध्ये बसा, मधल्या सुट्टीत हे वाक्य कानावर पडतंच. मी कुर्ल्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत दुसरीला शिकवते आणि मला हे वाक्य अजिबात मान्य नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी आया चार घरची कामं उरकून धावतपळत शाळा सुटायच्या वेळी गेटवर येतात. ठक्कर बाप्पा कॉलनीत चपलांच्या गाळ्यात बसणारे बाबा आहेत, रात्रभर रिक्षा चालवून सकाळी पोराला सोडायला येणारे आहेत. सगळे मुलाला एकच विचारतात, ‘काय शिकवलं आज?’ मूल म्हणतं, ‘काही नाही.’ फार तर, ‘डबा संपवला.’ संपलं बोलणं. सात वर्षांच्या मुलाला अख्खा दिवस सलग सांगता येत नाही, त्यात त्याचा काय दोष? ते सांगायचं काम आमचं आहे.

आणि आम्ही काय कळवतो? कुठल्याही वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा आणि वर वर सरकवत जा. आधारची झेरॉक्स आणा. अपारचं, म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकाचं, संमतीपत्र भरून द्या. पासबुकाची प्रत राहिलेल्यांची यादी. उद्या पीटीचा गणवेश. सहामाहीचं वेळापत्रक. मग गॅदरिंगचे ढीगभर फोटो. यातलं बरंचसं लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपली मुलगी सध्या हातच्याच्या वजाबाकीवर अडलीय, जोडाक्षरं आता तिला वाचता यायला लागलीत, परवा तिने वर्गासमोर उभं राहून गोष्ट सांगितली, हे त्या ग्रुपवर वर्षभर असूनही आईला कळत नाही.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 24 शिक्षकांची कर्तव्यं सांगतं. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं यांच्याच रांगेत तिथे लिहिलंय की पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि इतर महत्त्वाची माहिती पालकांना द्यायची. म्हणजे पालकाला माहिती देणं हा बाईंचा चांगुलपणा नव्हे, ते आमच्या नोकरीचं काम आहे. पण आमच्या तपासणीत वह्या बघतात, पाठांचं टाचण बघतात, हजेरीपट बघतात. पालकांना काय सांगितलंत, असं साहेब विचारताना मी ऐकलेलं नाही.

2019 च्या जूनमधलं आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असंही वाचायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला. जुनी पद्धत काढलेली नव्हती. लिहिताना आधी दोन आणि मग सात, बोलताना मात्र आधी सात आणि मग वीस, यात लहान मुलं गोंधळतात, म्हणून ती वाट दाखवली होती. पालकांना हे कळलं टीव्हीवरच्या आरडाओरड्यातून आणि फॉरवर्ड झालेल्या विनोदांतून. शेवटी गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना माध्यमांसमोर येऊन बाजू मांडावी लागली. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात दुसरीच्या पालकांना बोलावून पुस्तकातली ती पानं नुसती उघडून दाखवली असती आणि कारण सांगितलं असतं, तर बरेच पालक शांत झाले असते, असं मला आजही वाटतं. पद्धत पटणं न पटणं पुढची गोष्ट. आपल्या मुलाच्या पुस्तकात काय बदललं, हे बातम्यांतून कळणं कुठल्याही आईबापाला झोंबणारच.

आमच्या गेटच्या आत, पायऱ्यांपाशी एक जुना फळा पडून होता. आता मी शाळा सुटायच्या आधी त्यावर तीन ओळी लिहिते. आज काय केलं, मुलं कुठे अडली, घरी काय विचारा. एका दिवशी लिहिलं होतं: ‘42 मधून 17 वजा केले. एक गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या कराव्या लागतात, इथे मुलं अडतात. घरी काड्या घेऊन विचारा.’ एक आई तो फळा वाचत बराच वेळ उभी राहिली. स्टेशनबाहेर भाजी विकते ती. मला म्हणाली, ‘बाई, हे तर आमचं रोजचंच. अळूची जुडी दहा पानांची. गिऱ्हाईक सात पानं मागतं, तेव्हा जुडी सोडावीच लागते ना.’ मी म्हटलं, हेच लेकीला दाखवा. दुसऱ्या दिवशी पोरगी पिशवीतून अळूची पानं घेऊन आली आणि चार जुड्या, दोन सुटी पानं बाकावर मांडून तिने शेजारच्या मुलाला वजाबाकी समजावली. जुडीचा दोरा सोडताना तिचे हात इतके सराईत होते की बाकीची मुलं बघतच राहिली. आईला शाळेतलं गणित कळलं आणि मला त्यांच्या धंद्यातलं. तो धडा मी आता जुड्यांनीच शिकवते.

सगळ्यांना वाचता येतंच असं नाही, आणि आलं तरी मराठी येतं असं नाही. काही मुलांच्या घरी भोजपुरी आहे, काहींच्या मारवाडी. म्हणून तीच तीन वाक्यं मी व्हॉइस मेसेजमध्ये बोलते, गरज असेल तिथे हिंदीतही. मिनिटभरही लागत नाही. एका आजीने सांगितलं, त्या तो मेसेज नातवाला शेजारी बसवून ऐकतात आणि तो मध्येच थांबवून म्हणतो, ‘नाही आजी, बाई एक सांगायच्या विसरल्या.’ मग पुढचं तोच सांगतो. तुटक का होईना, पण त्याचं बोलणं सुरू होतं.

पालक सभांबद्दल मला जरा कडक बोलायचंय. सभा ठेवतो कधी? कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. रोजंदारीवर जाणाऱ्याचा त्या दिवशी खाडा होतो. घरकाम करणाऱ्या बाईला सुट्टी मागावी लागते आणि मालकीणबाईचं तोंड बघावं लागतं. एवढं सोसून ती येते, तर तासभर फक्त सूचना, आणि शेवटी सगळ्यांसमोर ‘तुमचा मुलगा फार मस्ती करतो.’ ती पुन्हा कशाला येईल? मग आम्ही म्हणायचं, पालकांचं लक्ष नसतं! सभा संध्याकाळी घ्या, नाहीतर रविवारी घ्या, आणि एकेका पालकाशी पाच मिनिटं बाजूला बसून बोला. मुलाचं कौतुक चारचौघांत करा, अडचण मात्र एकांतात सांगा.

2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. कल्पना किती चांगली! मूल कसं शिकतंय ते शब्दांत लिहायचं. प्रत्यक्षात त्या नोंदी तयार याद्यांवरून उतरवल्या जातात. ‘नीटनेटका राहतो.’ ‘उपक्रमात सहभाग घेतो.’ रजिस्टर भरतं आणि कपाटात जातं. पालकाच्या हातात वर्षाअखेरीस श्रेणी पडते. ब-1 म्हणजे लेकाला नक्की काय येतं, हे त्या बाबाला कोण सांगणार? ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्या घरचे वाचणार आहेत हे माहीत असलं, की नोंद आपोआप खरी उतरते.

2022 पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ अभियान सुरू झालं. त्यात मेळावा होतो, माता पालकांचे गट बनतात, घरी करायच्या कृतींची आयडिया कार्डं आयांना मिळतात. तिथे शाळा आईला विश्वासात घेते. मग पहिलीचा वर्ग सुरू झाल्यावर हा धागा का सोडायचा? तो चौथीपर्यंत न्यायला कुणाची आडकाठी आहे?

फोटोंचं थोडक्यात सांगते. मुलांचे चेहरे असलेले फोटो शंभर जणांच्या ग्रुपवर टाकण्याआधी आईबापांना विचारलं पाहिजे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानलीय. मी मुलांच्या हातांचे, वहीचे, मातीच्या कामाचे फोटो टाकते. कुणाला किती मार्क हे ग्रुपवर कधीच टाकू नये. शेजारच्या घरातला आकडा दिसला, की त्या रात्री मुलाला ओरडा बसतो. वर्गात कॅमेरा लावून पालकांना थेट मोबाइलवर दाखवा, अशीही मागणी होते. त्याला माझा विरोध आहे. चुकत चुकत शिकायला मुलाला मोकळी जागा लागते.

‘हे करायला वेळ कुठाय?’ असं सहकारी विचारतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. ऑनलाइन माहिती भरा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरा. कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांना शिक्षक घ्यायची मुभा देतं, त्यामुळे बीएलओची, म्हणजे मतदार यादीच्या कामाची, ड्युटी लागली की वर्ग दुसऱ्या बाईंच्या गळ्यात. अशा वेळी फळ्यावरच्या तीन ओळीही जड जातात. म्हणून हे एकेका शिक्षकाच्या हौसेवर सोडून चालणार नाही, त्याला वेळापत्रकात जागा हवी.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीत असलेल्या आयांनो, हा विषय तुम्ही अजेंड्यावर घेऊ शकता. आमच्या समितीच्या पुढच्या सभेत मी मागणी ठेवतेय: शुक्रवारचा शेवटचा अर्धा तास पहिली ते चौथीच्या शिक्षकांना फक्त पालकांना कळवण्यासाठी मिळावा, आणि पालक सभा संध्याकाळी सातनंतर व्हावी. तुमच्या शाळेत यातलं काही आधीपासून चालू असेल, तर मुख्याध्यापकांना कसं पटवलंत आणि त्या वेळी मुलांना कोण सांभाळतं, ते खाली लिहा. सभेत मला पहिला प्रश्न तोच येणार आहे.