ओठ नीट आहे म्हणजे टाळू नीट आहे असं धरून चालू नका

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि आज जरा तळमळून लिहितेय. अडीच-तीन वर्षांचं मूल घेऊन आईबाप येतात, अजून बोलणं साफ नाही म्हणून. मूल 'पाणी' म्हणायला जातं आणि ऐकू येतं 'माणी', हवा सगळी नाकातून. टॉर्च मारून बघावं तर पडजिभेला मधोमध चीर. जन्मापासून असलेली गोष्ट, पण ओठ अखंड दिसला म्हणून आत कुणी डोकावलंच नाही!

अहो पण ओठ आणि टाळू, म्हणजे डोक्यावरची नव्हे, तोंडाचं आतलं छत, एकाच वेळी बनत नाहीत. गर्भ राहिल्यापासून चौथ्या-पाचव्या आठवड्यात चेहरा म्हणजे नुसते पाच उंचवटे असतात, कपाळाकडचा एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्याचे दोन, ते वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात वरचा ओठ जुळतो. टाळूचं जुळणं त्यानंतर. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही अंगांना चक्क उभे लोंबत असतात, मग जीभ खाली जाते, पडदे वर उचलले जाऊन आडवे होतात आणि मध्यावर येऊन चिकटतात, पुढून मागे असं करत बाराव्या आठवड्यापर्यंत हे चालतं, पडजीभ सगळ्यात शेवटी. खालचा जबडा फारच लहान राहिला तर जीभ वरच अडकते आणि पडद्यांना वाटच मिळत नाही. मुलींमध्ये हे सगळं साधारण आठवडाभर उशिरा होतं, नुसती टाळू दुभंगलेली मुलींमध्ये जास्त सापडते त्यामागे हे एक कारण मानतात.

साधारण ७०० बाळांत एकाला ओठाची किंवा टाळूची फट असते. सोनोग्राफीत ओठाची बऱ्याचदा कळते, एकट्या टाळूची सहसा निसटते. म्हणून माझं ठाम मत आहे, जन्मल्यावर नुसतं बोट फिरवून भागत नाही, जीभ दाबून उजेडात पार पडजिभेपर्यंत बघायलाच हवं. मिनिटभराचं काम आहे.

नाही बघितलं तर काय होतं? बाळ तासन्‌तास अंगावर पितं, दूध नाकातून येतं, वजन वाढत नाही, आणि सगळे आईला म्हणतात तुलाच दूध कमी. मला याचा भयंकर राग येतो. दूध असतं हो, टाळू उघडी असल्यामुळे बाळाला ते ओढताच येत नाही. त्यात कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकूही कमी येतं. टाळूचं ऑपरेशन एरवी साधारण ९ ते १८ महिन्यांत करतात, कारण बोलणं तेव्हाच रुळायला लागतं, आणि आमच्याकडे मूल येतं तोवर ती वेळ गेलेली.

अजून एक. कधी कधी वरची त्वचा जुळलेली असते पण आतले स्नायू नाही, तेव्हा दुभंगलेली पडजीभ आणि टाळूच्या मधोमध निळसर रेघ एवढीच खूण दिसते. मुलाचे ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी, काढायचं ठरत असेल तर आधी ही खूण आहे का ते सर्जनना विचारा, कारण अशा मुलांत ॲडेनॉइड काढल्यावर बोलणं आणखी नाकात जाऊ शकतं.