‘पाणीच तर आहे, गळू द्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्विमिंग पूलचं पाणी तापवणाऱ्या हीट पंपाचा ड्रेन आणि वायरिंग यावरच्या लेखाला एक खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. मुद्दे असे : लेख उगाच ताणलाय, केबलची जाडी अतिरेकी सांगितलीय, आरसीसीबीचा (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचचा) प्रकार दिलेला नाही, क्लोरिनेटरचा (पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या यंत्राचा) उल्लेख नाही. आणि मुख्य वाक्य जसंच्या तसं : “खाली गळतं ते पाणीच तर आहे, गळू द्या, करंट फिल्टर पंपाच्या लाइनवरूनच घ्या, दोन वायरी जोडल्या की झालं, लेखकाने कधी पाना हातात धरलेला दिसत नाही.”

मतभेद असायला माझी हरकत नाही. पण पाना धरला की नाही, हा मतभेद नव्हे, टोमणा आहे. माझं पोट याच कामावर चालतं, एवढं सांगून हा विषय संपवतो. टोपणनावाआडून दुसऱ्याच्या हातांची चौकशी करणं सोपं असतं.

आता ते पाणी. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे त्याची कॉइल थंड पडते आणि हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं. दमट हवेत मोठं युनिट तासाला काही लिटर पाणी सोडतं. दिवसभर युनिट चाललं की हिशोब बादल्यांत जातो. हे पाणी एकाच जागी मुरत राहिलं की युनिटच्या ओट्याखालचा भराव बसतो आणि युनिट कलतं. युनिट कललं की ट्रेमधलं पाणी ड्रेनच्या तोंडाकडे न जाता पलीकडच्या कोपऱ्यात साचतं, आणि सगळा ताण इनलेट-आउटलेटच्या युनियनवर (पाईपच्या खोलता येणाऱ्या जोडावर) येतो. मग तिथून पूलचं पाणी झिरपायला लागतं.

आणि ते कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण खालची जमीन आधीपासून ओलीच असते. माझा मूळ आक्षेप हा आहे. ड्रेनला पाईप असेल तर त्याच्या तोंडाशी भांडं धरून पाणी तपासता येतं. कॉम्प्रेसर बंद ठेवून फक्त फिल्टर पंप तासभर चालवा. थेंब थांबले तर ते कॉइलवरचं पाणी, चालूच राहिले तर हीट एक्स्चेंजर (पूलचं पाणी जिथे तापतं तो भाग) किंवा युनियन गळतेय. टेस्ट स्ट्रिपवर क्लोरीन दिसलं तर शंकाच नको, पाणी पूलचं आहे. (पूलमध्येच क्लोरीन शून्य असेल तर ही परीक्षा बाद, पण मग तुमची काळजी वेगळी आहे.) सगळं जमिनीवर सांडू दिलंत तर यातलं काय तपासणार?

पाईप लावायला फार अक्कल लागत नाही, उतार मात्र लागतो. मीटरला किमान १ सेंमी, जमल्यास २. म्हणजे ५ मीटरच्या पाईपला ५ ते १० सेंमी उंची हवी, म्हणून तर लेखात ओटा जमिनीपासून १० सेंमी वर घ्या म्हटलं होतं. ट्रेची बाकीची भोकं रबरी बुचांनी बंद करा. ड्रेनच्या निपलपेक्षा बारीक पाईप जोडू नका. लवचीक नळी मध्येच लोंबते, त्या पोटात पाणी राहतं, शेवाळ धरतं आणि ट्रे भरून वाहतो. कडक पीव्हीसी घ्या, मीटरमीटरवर क्लॅम्प मारा, शेवटचं टोक उघडं ठेवा.

“दोन वायरी जोडल्या की झालं” हे त्याहून धोक्याचं आहे. पाऊण किलोवॉटचा फिल्टर पंप ५ अँपिअरच्या आसपास घेतो आणि त्याच्या लाइनवर बहुधा १० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) असतो. ३ किलोवॉट वीज घेणारा हीट पंप एकटाच १३-१४ खातो. एकत्र केलं की एमसीबी पडतो. मग कोणीतरी तो काढून २५ चा बसवतं. एमसीबी पडायचा थांबतो आणि तापायचं काम केबलकडे जातं. पंपाच्या टायमरचे कॉन्टॅक्ट इतक्या करंटसाठी बनवलेले नसतील तर तेही चिकटतात, मग पंप बंदच होत नाही.

हीट पंपाला बोर्डापासून स्वतःची लाइन, सी कर्व्हचा (मोटर सुरू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा) २० अँपिअरचा एमसीबी, स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, स्वतंत्र अर्थिंग आणि युनिटजवळ नजरेच्या टप्प्यात आयसोलेटर (वीज पूर्ण तोडायचा स्विच). आयईसी ६०३६४-७-७०२ या पूलच्या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकातले धोक्याचे झोन काठापासून ३.५ मीटरवर संपतात, युनिट आणि आयसोलेटर त्या पलीकडे. फिल्टर पंपाशी नातं फक्त सिग्नलचं, कॉन्टॅक्टर (सिग्नलवर चालणारा मोठा स्विच) आणि फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते ओळखणारा) यांमधून.

केबलबद्दल एक मान्य करतो : १० मीटरच्या आत २.५ चौरस मिमी पुरते. पण ३० मीटरवर १४ अँपिअरला २.५ मध्ये साडेसात व्होल्ट वाटेतच जातात, ४ मध्ये साडेचार. इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर सुरू होताना ६० अँपिअर ओढत असेल तर हाच आकडा ३२ आणि २० होतो. मुळात व्होल्टेज कमी असेल तर तो घरघरतो आणि उठत नाही. याला अतिरेक म्हणायचं असेल तर म्हणा.

आरसीसीबीचा प्रकार : इन्व्हर्टर युनिटला किमान ए टाइप, मॅन्युअलमध्ये बी असेल तर बी. लेख वायरिंगचा होता, खरेदीच्या यादीचा नव्हता. क्लोरिनेटर पाण्याच्या वाटेत हीट पंपानंतर, मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा). लेखाची लांबी हा काही मुद्दा नव्हे.

करंट पंपाच्या लाइनवरूनच घ्या असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुमचं युनिटही बहुधा तसंच जोडलेलं आहे. तेव्हा मेन स्विच बंद करा, टर्मिनलचं झाकण उघडा आणि हात लावण्याआधी टेस्टर लावून करंट नसल्याची खात्री करा. वायरीचं इन्सुलेशन तपकिरी, कडक झालेलं दिसलं तर पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी केबल बदला.