सांडपाण्यातल्या विषाणूला ‘मेलेला तुकडा’ म्हणून झटकू नका

सध्या एक मजकूर भरपूर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: सांडपाण्यातून साथ ओळखणं हे करोनात निघालेलं खूळ आहे, सापडतात ते विषाणूचे मेलेले तुकडे, रुग्ण दवाखान्यात कळतोच, मग गटार कशाला उपसायचं, किती जण आजारी ते यातून सांगता येत नाही, आणि हे सगळं लोकांवर पाळत ठेवण्यासाठी चाललंय. शिकलेसवरलेले लोकही हा मजकूर पुढे पाठवतायत, म्हणून सविस्तर लिहितोय.

खूळ करोनातलं, हे साफ चूक. इंग्लंडमधल्या डेव्हन भागात मूर नावाच्या संशोधकानं पॅराटायफॉइडच्या (टायफॉइडसारख्या तापाच्या) वाहकांचा माग गटारातूनच काढला आणि ते काम १९४८ साली प्रसिद्ध केलं. युक्ती अगदी साधी होती. गॉजची गुंडाळी दोरीला बांधायची आणि गटाराच्या प्रवाहात दोन-एक दिवस सोडून ठेवायची. पाणी वाहून जातं, जंतू गॉजमध्ये अडकतात. मग ते प्रयोगशाळेत वाढवून बघायचे. जिथे सापडले त्याच्या वरच्या फाट्यांवर पुन्हा गॉज लावायचं, आणि असं मागेमागे जात थेट वाहकाच्या घरापर्यंत पोचायचं. वाहक म्हणजे स्वतः ठणठणीत, पण विष्ठेतून जंतू सोडत राहणारा माणूस. तो दवाखान्यात कशाला जाईल?

‘मेलेले तुकडे’ हा मुद्दा करोनाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरा आहे. पीसीआर चाचणी विषाणूच्या आरएनएचा, म्हणजे जनुकीय द्रव्याचा, तुकडा ओळखते, विषाणू जिवंत आहे का हे सांगत नाही. पण तो तुकडा आकाशातून पडलेला नसतो, कुणाच्या तरी शरीरातून आलेला असतो. आपल्याला तेवढंच हवं असतं. नेदरलँड्समध्ये गर्टयान मेडेमा आणि सहकाऱ्यांना मार्च २०२०च्या सुरुवातीला आमर्सफोर्टच्या सांडपाण्यात करोनाच्या खुणा मिळाल्या, तेव्हा त्या शहरात एकाही रुग्णाची नोंद नव्हती. पोलिओच्या बाबतीत तर हा आक्षेप टिकतच नाही. तिथे सांडपाण्यातला विषाणू पेशींवर वाढवून बघतात, आणि मेलेला विषाणू वाढत नाही.

‘रुग्ण दवाखान्यात कळतोच.’ मला सगळ्यात घातक वाटतं ते हे वाक्य. पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० जणांपैकी एकालाच कायमचा लकवा होतो. म्हणजे पहिला रुग्ण दिसेपर्यंत विषाणू शेकडो पोटांतून फिरून आलेला असतो. इस्रायलमध्ये २००५पासून मुलांना फक्त टोचायची पोलिओ लस मिळत होती. ती लकव्यापासून वाचवते, पण आतड्यात विषाणू वाढण्याला फारसा अटकाव करत नाही. २०१३ साली तिथल्या ‘रहात’ आणि ‘बीरशेबा’ या शहरांच्या सांडपाण्यात पोलिओचा जंगली, म्हणजे लशीतून न आलेला, विषाणू सापडला. लकव्याचा रुग्ण एकही नव्हता. दवाखान्यांच्या भरवशावर राहिले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. ऑगस्टपासून मुलांना तोंडावाटे डोस द्यायला सुरुवात झाली, आणि एकाही मुलाला लकवा न होता विषाणू हटला.

आकड्याचा आक्षेप मान्य. नेमके किती रुग्ण, हे सांडपाणी सांगत नाही, संशोधकही तसा दावा करत नाहीत. ते बघतात चढ-उतार. पावसानं पाणी पातळ झालं तर फसगत होऊ नये म्हणून मिरचीवर्गीय झाडांच्या, पण माणसाला निरुपद्रवी अशा एका विषाणूशी तुलना करतात. तो आपल्या जेवणातून पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो, त्यामुळे नमुन्यात माणसांची विष्ठा किती, याचा अंदाज येतो.

राहिली पाळत. प्रक्रिया केंद्रावरच्या नमुन्यात हजारो-लाखो लोकांचं पाणी एकत्र झालेलं असतं, त्यातून कुणा एकाचं नाव निघत नाही. पण एकाच इमारतीचा नमुना घेतला तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२०मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू दिसला, ३११ जणांची तपासणी झाली आणि दोघे बाधित निघाले. दोघांनाही लक्षणं नव्हती. साथ तिथेच अडली हे चांगलंच झालं, पण माग माणसापर्यंत जाऊ शकतो हेही त्यातून दिसलं. म्हणून नमुना किती लहान वस्तीतून घ्यायचा, माहिती कुणाच्या हाती द्यायची आणि ती कशासाठी वापरायची नाही, याचे नियम आधीच लेखी ठरवून जाहीर व्हायला हवेत. ही मागणी त्या मजकुरात कुठेच नाही.